एक कातळ, दोन माती

महाबळेश्वरच्या पठारावरची माती तांबडी. कपड्याला लागली की धुऊनही डाग राहतो. तिथून पूर्वेकडे उतरत मंगळवेढ्याच्या शिवारात गेलं की माती काळीशार. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगांची आणि पावसात चपलेला गोळ्यागोळ्यांनी चिकटणारी. एकीत स्ट्रॉबेरी लावतात, दुसरीत शाळू. पण दोन्हीकडे खणत खाली गेलं तर लागतो तो एकच खडक, काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. घटक जवळपास सारखे, जन्म एकाच लाव्ह्यातला. मग मातीत एवढा फरक कुठून आला?

बेसॉल्टपासून काळी माती तयार होते, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. त्याच बेसॉल्टपासून लाल माती होते, जांभा होतो आणि बॉक्साइटही होतं. खडकातून किती पाणी आरपार जातं आणि जाताना काय काय सोबत नेतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

हा खडक आला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि घाटमाथ्याच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. सगळे थर सारखे टणक नाहीत. काही घट्ट, ठोकला तर खणखणणारे. काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले आणि पुढे ती छिद्रं पांढऱ्या खनिजांनी भरलेले. हा ठिसूळ दगड म्हणजे मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे हात-दोन हात जाडीचा तांबडा पट्टा दिसतो. यातले बरेच पट्टे म्हणजे त्या काळची माती आहे. एक उद्रेक थांबला, थिजलेला लाव्हा उन्हापावसात कुजला, त्याची माती झाली आणि मग पुढच्या उद्रेकाच्या धगीने ती भाजून निघाली. घाटातल्या रस्त्यासाठी तोडलेल्या कड्यात हा पट्टा दिसला तर गाडीचा वेग जरा कमी करावा. ज्या प्रक्रियेबद्दल आपण बोलतो आहोत, तिचा डायनोसॉरांच्या अखेरच्या दिवसांतला नमुना तिथे उघड्यावर पडलेला असतो.

खडक का फुटतो, याचं मुळातलं कारण असं की तो त्याच्या घरी नसतो. बेसॉल्टमधली खनिजं अकराशे-बाराशे अंश सेल्सियसच्या वितळलेल्या रसातून जन्मली. तिथे ती स्थिर होती. इथे पंचवीस-तीस अंशांत, हवेत, पाण्यात, प्राणवायूच्या सान्निध्यात ती अस्थिर आहेत. सॅम्युअल गोल्डिच या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९३८ मध्ये एक सुरेख गोष्ट दाखवून दिली: रस थिजताना जे खनिज सगळ्यात आधी, म्हणजे सगळ्यात तापलेल्या अवस्थेत तयार होतं, तेच पृष्ठभागावर सगळ्यात आधी मोडतं. ऑलिव्हिन पहिलं, मग पायरॉक्सीन आणि चुन्याचं प्रमाण जास्त असलेलं फेल्डस्पार. सगळ्यात शेवटी, जवळपास कधीच नाही, क्वार्ट्झ. आता बेसॉल्टकडे पाहा. त्यात भरणा पहिल्या तिघांचा. क्वार्ट्झ नसल्यातच जमा. ग्रॅनाइट कुजला तर मागे क्वार्ट्झची वाळू उरते. बेसॉल्ट पुरता कुजला तर वाळू म्हणून उरण्यासारखं त्यात फारसं काही नसतंच. तो थेट चिकणमातीपर्यंत जातो. काळ्या रानातली माती बोटांत चोळली तर खरखर लागत नाही, ती यामुळे.

सुरुवात मात्र साध्या तोडफोडीने होते. लाव्हा थिजताना आकसतो, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि त्या भेगा पाण्याला वाट देतात. मेमध्ये दुपारी तापलेला कातळ रात्री निवतो, पुन्हा तापतो. उंबर-पिंपळाची मुळं फटीत शिरून जाड होतात; पडक्या किल्ल्याच्या तटबंदीत हे कुणीही पाहिलेलं असतं. आणि उघड्या दगडावर करडे-हिरवे डाग धरणारं शैवाक असतं. मसाल्यात घालतात ते दगडफूल याच जातकुळीतलं. त्याचे धागे खनिजांच्या कणांमध्ये शिरतात आणि ते जी आम्लं सोडतं, त्यांत लोह, कॅल्शियम विरघळू लागतं. मातीचा पहिला चिमूटभर साठा बऱ्याचदा या डागांखालीच सापडतो.

भेगांनी खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी पाणी पोचतं, कडेवर दोन बाजूंनी, सपाट अंगावर एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा गोल होत जातो. रस्त्याच्या कडेच्या कापात मऊ पिवळट मुरमात रुतलेले, पापुद्रे सुटणारे गोल धोंडे दिसतात, ते असे आतल्या आत झालेले असतात. नदीत घरंगळून गोल झालेले नव्हेत. भोवतीचा मुरूम म्हणजे खडक आणि माती यांच्या मधली अवस्था. फावड्याने निघतो, पण दगडाची मूळ ठेवण अजून त्यात ओळखू येते.

खरं काम पाण्याचं, आणि तेही नुसत्या पाण्याचं नाही. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळतो. पण जमिनीत मुळं आणि जिवाणू श्वास घेत असतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असू शकतो. तिथून झिरपणारं पाणी सौम्य कार्बोनिक आम्ल होतं. ते फेल्डस्पारला भिडलं की त्यातलं कॅल्शियम आणि सोडियम सुटतं, पायरॉक्सीनमधलं मॅग्नेशियम सुटतं, काही सिलिकाही विरघळते. लोह सुटलं तरी प्राणवायू त्याला लगेच गाठतो आणि गंजासारख्या ऑक्साइडमध्ये बांधून जागीच बसवतो. अ‍ॅल्युमिनियमही सहसा हलत नाही. म्हणजे खडकात दोन गट झाले. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम आणि काही अंशी सिलिका हे जाणारे. लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम हे राहणारे.

या हिशेबात हवेतला कार्बनही खर्ची पडतो, हे सहसा लक्षात येत नाही. तो बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातो आणि पुढे शिंपल्यांत, प्रवाळात, चुनखडकात अडकतो. कोट्यवधी वर्षांच्या मापाने पृथ्वीचं तापमान आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्रणांपैकी ही एक मोठी यंत्रणा. पृथ्वीच्या जमिनीवर बेसॉल्ट आहे जेमतेम काही टक्के, पण सिलिकेट खडकांच्या विदारणातून शोषल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक तृतीयांश वाटा त्याचा असल्याचा अंदाज आहे. म्हणूनच आता बेसॉल्टची पूड शेतात पसरून हे काम घाईने करून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. छत्तीसगडमधल्या लहान शेतकऱ्यांबरोबर असं काम करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरचं एक्सप्राइझ पारितोषिक मिळालं. ज्या दगडाकडे आपण रस्त्याची खडी म्हणून पाहतो, त्याला हा भाव आला, याची दख्खनमध्ये फारशी चर्चा झाली नाही.

आता लाल-काळ्याचा उलगडा. खडक मोडल्यावर सिलिका आणि अ‍ॅल्युमिना पुन्हा एकत्र येऊन नवी खनिजं रचतात. ही रचना पातळ पत्र्यांची असते. सिलिका भरपूर शिल्लक असेल तर अ‍ॅल्युमिनाच्या प्रत्येक पत्र्याला दोन्ही बाजूंनी सिलिकाचे पत्रे बसतात. हे स्मेक्टाइट. सिलिका वाहून जाऊन कमी पडली तर एकाच बाजूला बसतो. हे केओलिनाइट. आणि सिलिका अगदीच संपली तर नुसतं अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड उरतं. हे गिब्साइट, बॉक्साइटमधलं मुख्य खनिज. दोन, एक, शून्य. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पठाराच्या कडेवरून त्याचा निचरा होतो. तिथला हिशेब एक आणि शून्याकडे गेला. मंगळवेढ्याच्या सखल सपाटीवर पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, निचरा मंद. तिथे सिलिका राहिली, कॅल्शियम-मॅग्नेशियम राहिलं, आणि हिशेब दोनवर थांबला.

काळ्या मातीचे सगळे गुण आणि सगळे उपद्रव या दोनमधून येतात. स्मेक्टाइटच्या दोन रचनांमधला बंध ढिला असतो. पाणी आणि कॅल्शियमचे कण त्या फटीत शिरू शकतात. पावसात भिजलेली वही फुगते तशी ही माती फुगते आणि वाळली की आकसते. एका ग्रॅम स्मेक्टाइटचं आतलं-बाहेरचं पृष्ठ मोजलं तर सातशे-आठशे चौरस मीटर भरतं. या एवढ्या जागेवर पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवली जातात. एक मीटर खोल भारी जमीन पिकाला वापरता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळूची पेरणी झाली की पुढे पावसाचा थेंब न पडताही मालदांडी ज्वारी कणसावर येते, ती या साठ्यावर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं निम्मं श्रेय तरी या खनिजाला द्यायला हवं.

उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसात खालची माती फुगून वर रेटली जाते. काळं रान आपणच आपल्याला नांगरतं, असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे. पण हेच रेटणं घराच्या भिंतीला तडे देतं, विजेचे खांब कलंडवतं, रस्ते उखडतं. पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय गवंडी समाधान मानत नाही. गाव पांढरीवर आणि शेती काळीवर ही जी जुनी वाटणी, तिच्यामागच्या कारणांत हेही एक असावं. वाफसा साधणं हीही इथे कसरत: एक-दोन दिवस उशीर झाला की ढेकळं दगडासारखी, घाई केली तर चिखलाचा राडा.

काळा रंग पाहून तिच्यात सेंद्रिय द्रव्य ठासून भरलेलं असणार असं वाटतं. तसं नसतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्याही खाली आहे. थोडंसंच ह्यूमस स्मेक्टाइटशी इतकं घट्ट बांधलं जातं की सगळी माती काळवंडते. रंगावर भिस्त ठेवून शेणखत टाळणाऱ्याची फसगत ठरलेली.

जी द्रव्यं बाहेर जात नाहीत, ती कुठे तरी साचून राहतात. फेल्डस्पारमधून सुटलेलं कॅल्शियम मातीच्या खालच्या थरात चुनखडीचे खडे होऊन बसतं. सोडियमचं तसं झालं तर मात्र जमीन चोपण होते: भिजली की लिबलिबीत, वाळली की टणक, आणि पाणी आत घेईना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागला, उसाला मुबलक पाणी मिळालं आणि काही वर्षांतच सखल भागातल्या जमिनींवर पांढरे फटके दिसू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. कमी पावसामुळे जे क्षार खाली निवांत पडून होते, ते कालव्याच्या पाण्याने वर आणले. पाणी घातलं, पण बाहेर जायला वाट दिली नाही. सांगली-कोल्हापुरात आज उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला छिद्रांकित पाइप पुरून जमीन सुधारावी लागते, ती याच कारणाने.

घाटमाथ्यावर आणि कोकणात गोष्ट उलट टोकाला गेली. तिथे जाणारं सगळं गेलं. बेसॉल्टमध्ये सिलिका सुमारे पन्नास टक्के असते. चांगल्या बॉक्साइटमध्ये ती काही टक्क्यांवर येते. उरलेल्या लोहाच्या ऑक्साइडांनी कण एकमेकांना जखडले आणि जांभा झाला. जमिनीत ओला असताना तो कापता येतो, हवेत वाळला की कठीण होतो. कोकणातल्या चिरेखाणीचा सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे. फ्रान्सिस बुकॅनन या ब्रिटिश पाहणीकाराने केरळमध्ये अंगडीपुरमला लोकांना या दगडाच्या विटा कापताना पाहिलं आणि १८०७ मध्ये त्याचं वर्णन छापलं, पण कोकणातल्या गवंड्यांना ते ठाऊक असायला त्याची वाट पाहावी लागली नव्हती.

पाचगणीचं टेबललँड, कास, पन्हाळा यांचे सपाट माथे म्हणजे या जांभ्याचं झाकण. वर्षानुवर्षांच्या पावसाने खालचा कुजलेला बेसॉल्ट कडेकडेने धुपत गेला, झाकण टिकून राहिलं. म्हणजे माती होण्याच्या प्रवासात खडक मऊ होत जातो आणि एका टप्प्यावर पुन्हा दगड होऊन बसतो. झिजेला तो इतकी कमी दाद देतो की रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली, बोटभर खोलीची कातळशिल्पं धो धो पावसाखाली अजून वाचता येतात.

अशा जागी झाडाला खायला काय मिळणार? फॉस्फरस लोहाने जखडलेला, कॅल्शियम केव्हाच समुद्रात. कासच्या पठारावर किडे धरून खाणाऱ्या ड्रोसेरा आणि युट्रिक्युलेरियासारख्या वनस्पती फुलतात, त्या हौस म्हणून नव्हे. जमिनीत नत्र मिळत नाही तर ते किड्यांतून मिळवायचं. कोकणातला बागायतदार कातळात सुरुंग लावून खड्डा करतो, बाहेरून माती आणून भरतो आणि त्यात हापूसचं कलम लावतो. कोकणची माती आंब्याला मानवते म्हणतात. अनेक सड्यांवर ती माती मजुरांनी डोक्यावरून वाहून आणलेली असते.

इथवरची मांडणी नीटनेटकी वाटते: ओल्या मुलुखात लाल, कोरड्यात काळी. एक गाठ मात्र राहते. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत बेसॉल्टपासून इतकं स्मेक्टाइट तयार व्हायला पाणीच पुरेसं नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोतले डी. के. पाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकापासून हा मुद्दा लावून धरला. त्यांचं म्हणणं असं, की ही खनिजं पूर्वीच्या अधिक ओल्या हवामानात डोंगरउतारांवर तयार झाली आणि नंतर पाण्याबरोबर वाहत येऊन सखल भागात साचली. म्हणजे भीमा, पूर्णा, गोदावरीच्या काठची मीटर-दोन मीटर खोल काळी माती जागच्या जागी झालेली नाही. ती वरून आलेला गाळ आहे. कुणाचं तरी माळरान उघडं पडलं तेव्हा कुणाची तरी भारी जमीन झाली.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. माथ्यावर बरड, उतारावर मध्यम, ओढ्याकाठी भारी, ही उतरंड एकाच गावाच्या शिवारात दिसते आणि तिच्याप्रमाणे जमिनीचे भाव ठरतात. धूप वाईट असं सरसकट म्हणताना ही उतरंड आठवावी. तिच्याशिवाय दख्खनमध्ये शाळूचं रानच नसतं. अडचण वेगाची आहे. एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतात सरासरी हेक्टरी १६.४ टन माती दर वर्षी जागेवरून हलते. एक हेक्टरवरचा एक मिलिमीटर थर म्हणजे साधारण १३ टन. म्हणजे आठेक वर्षांत एक सेंटिमीटर. मीटरभर खोल रानाला हे जाणवत नाही. वीतभर माती असलेल्या बरडाला काही पिढ्यांत संपवतं. त्या अंदाजात आणखी एक आकडा आहे: हललेल्या मातीपैकी ६१ टक्के दुसरीकडे कुठे तरी जमिनीवरच पडते, १० टक्के धरणांत आणि २९ टक्के समुद्रात जाते.

घाटातल्या तीव्र उतारावर हा हिशेब वर्षांचा न राहता मिनिटांचा होतो. खडकावर कुजलेल्या मुरूम-मातीचा जाड थर असतो. सलग पावसात तो पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो अख्खा खाली येतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर असाच डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली.

सपाट काळ्या रानातली धूप वेगळ्या चालीची. पहिल्या पावसात भेगा सगळं पाणी गिळतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत जाण्याचा वेग जवळपास शून्यावर येतो. त्यात रब्बीचा मुलूख: शाळूसाठी ओल धरायची म्हणून पावसाळाभर रान उघडं. जोराच्या सरीचा थेंब तासाला तीस किलोमीटरच्या वेगाने त्या उघड्या मातीवर आदळतो, कण सुटतात, पाणी त्यांना ओघळीत ढकलतं. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची सुरुवात पुण्याजवळच्या मांजरीत १९२३ मध्ये आणि सोलापुरात १९३३ मध्ये झाली, एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्यासारख्यांनी वाहून जाणारं पाणी आणि माती तिथे प्रत्यक्ष मोजली. पुढे सरकारने गावोगाव बांध घातले. हलक्या-मध्यम जमिनीत समपातळी बांध चांगले चालले. भारी काळीत ते फसले: पाणी बांधाशी तुंबलं, पीक पिवळं पडलं, उन्हाळ्यात बांधालाच भेगा गेल्या आणि पुढच्या पावसात ते फुटले. तिथे पाण्याला हळूच बाहेर काढणारे ढाळीचे बांध लागतात. नीरेच्या कालव्याने जे शिकवलं होतं, तेच बांधांनी पुन्हा शिकवलं.

आता वाहून गेलेली माती उलट्या दिशेनेही चालू लागली आहे. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली, पण उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ काढून बरडावर टाकायची रीत तिच्याहून खूप जुनी. डोंगरावरून शेकडो वर्षांत उतरलेलं स्मेक्टाइट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आठवड्याभरात पुन्हा माळावर चढतं. ते कुठे टाकायचं, याला मात्र महत्त्व आहे. मुरमाड, पाणी न धरणाऱ्या रानात काही इंच गाळ पसरला तर विहिरीवरचा भार कमी होतो आणि पहिल्याच वर्षी पिकात फरक दिसतो. आधीच भारी असलेल्या जमिनीत तोच गाळ टाकला तर निचरा आणखी मंदावतो. तळाचं पाणी खारं असेल तर गाळाबरोबर क्षारही शेतात येतात. म्हणून ट्रॉली ठरवण्याआधी मूठभर गाळ माती परीक्षणाला द्यावा, आणि क्षारता जास्त निघाली तर गाळ फुकट मिळत असला तरी तो तळ्यातच राहू द्यावा.